शेजारच्या गोठ्यातली एक रात्र

ऑर्लिन थोर्सनने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि बावीस वर्षं फुटबॉलची लीग. टँकर एकदाही उलटला नाही. लीगचं मात्र विचारू नका.

दहा माणसं, सगळी आमच्या चर्चमधली. तुमच्याकडे फोनवर क्रिकेटचे संघ लावतात, तसे हे अमेरिकन फुटबॉलचे लावतात. खेळाडू खरे, संघ कागदावरचा. खरा खेळाडू रविवारी चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पळाला, म्हणजे टचडाउन केला, की इथे त्याच्या मालकाला गुण. फरक एवढाच की जानेवारीत हंगाम संपला तरी यांचे खेळाडू सुटत नाहीत. लागोपाठ तीन हंगाम राखता येतात, मग परत टोपलीत, नव्याने निवडायला. हा नियम ऑर्लिननेच बायकोच्या पाककृतींच्या डब्यातल्या एका कार्डावर लिहिला. बाकीच्या नियमांसारखाच अर्धवट.

भांडण झालं की ऑर्लिन माझ्या स्वयंपाकघरात. त्याच्या तिन्ही मुलांना मी रसायनशास्त्र शिकवलं, आणि फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणून मी निःपक्षपाती, असं त्याचं मत. कोणाचं नाव कळू नये म्हणून तो प्रत्येक तंटा गायींवर घालून सांगतो. जखमी खेळाडू म्हणजे लंगडी गाय, अदलाबदल म्हणजे गुरांचा बाजार. निकाल मी द्यायचा, जाहीर त्याने करायचा, आणि गावाने त्याच्या न्यायबुद्धीचं कौतुक करायचं.

ऑगस्टमध्ये, निवडीला दोन दिवस असताना, तो पिशवीभर ताजं चीज घेऊन आला. एरवी रिकाम्या हाताने येतो. मी तिथेच सावध झाले.

"बाई, समजा एक गाय आहे."

"आहे. पुढे?"

"मालकाने ती लागोपाठ तीन वर्षं पाळली. आता सोडायची, असा नियम. पण मार्चमध्ये त्याने ती शेजारणीला दिली आणि दुसऱ्या दिवशी परत घेतली. म्हणजे खंड पडला. मोजणी पुन्हा एकपासून, नाही का?"

"शेजारणीने दूध काढलं?"

"छे! मार्चमध्ये ती आटलेली असते."

"बदल्यात काय घेतलं?"

"एक म्हातारा बैल. तोही दुसऱ्या दिवशी परत केला."

"मग एवढा आटापिटा कशासाठी रे?"

"कशासाठी म्हणजे? बाई, या गायीने गेल्या वर्षी चौदा टचडाउन केले!"

मी कॉफी ओतली. "गाय तुझीच आहे, ऑर्लिन."

त्याचे कान लाल झाले. "प्रूट नाव त्याचं. बाई, बक्षीस म्हणून जो दुधाचा कॅन आहे ना, तो माझ्या बापाच्या गोठ्यातला. जिंकणाऱ्याचं नाव कोरतात त्यावर. सगळ्यांची आहेत, पाद्र्याचंसुद्धा. बावीस वर्षांत माझं तेवढं नाही. प्रूट राहिला तर यंदा लागेल."

वाईट वाटलं मला. पण म्हणून काय झालं?

"एक रात्र शेजारच्या गोठ्यात बांधली म्हणून गाय कालवड होत नाही. सोड तिला."

"नियमात तसं लिहिलेलं नाही."

"नियम कोणी लिहिला?"

"मीच."

"मग आता नीट लिही."

चीज तो परत नेईल असं वाटलं होतं. नेलं नाही.

शनिवारी चर्चच्या तळघरात निवड होती. मी मुद्दाम गेले. ऑर्लिन उभा राहिला, नवं कार्ड वाचलं, आणि कोणी विचारलं नसताना म्हणाला, "ही लबाडी मीच केली होती." प्रूटच्या नावाची चिठ्ठी टोपलीत टाकताना त्याचा हात जरा रेंगाळला.

गेल्या वर्षी जो शेवटचा, तो यंदा पहिला निवडतो. शेवटची होती बेव्ह, ऑर्लिनची मेहुणी. गोष्टीतली शेजारीणही तीच.

"प्रूट," बेव्ह म्हणाली. क्षणभरही न थांबता.

"बेव्ह! तू तर म्हणाली होतीस, तुला त्याचं काही पडलेलं नाही!"

"नव्हतंच, दाजी. पण एक दिवस गोठ्यात होता ना, लळा लागला."

पाद्री हसता हसता खुर्चीवरून घसरला.

सोमवारी सकाळी माझं दार वाजलं. ऑर्लिन. हातात चीजची पिशवी, आधीच्यापेक्षा मोठी.

"बाई," तो म्हणाला, "समजा एक मेहुणी आहे."