वाटे झाल्यावरचं वजन

"तुझ्या आईची मासळीची टोपली डोक्यावर, तुझी टेबलावर. विकणं काही सुटत नाही रे तुम्हा लोकांचं."

प्राध्यापक हसत म्हणाले. भोवतीचे चार शास्त्रज्ञ हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मालवणात मत्स्यशास्त्राची परिषद भरली होती. शाळेच्या सभागृहात भाषणं, बाहेर पडवीत माझं टेबल. मुंबईच्या एका कंपनीनं मला शास्त्रीय जर्नलं खपवायला बोटीनं पाठवलं होतं. टाय लावून उभं राहायचं, अंक हातात द्यायचा, वर्गणीचा फॉर्म पुढे करायचा. गाबतांच्या, म्हणजे मासेमारांच्या, आमच्या वाडीतला मी पहिला बी.एस्सी. नोकरी कच्ची. ह्या परिषदेवर पक्की व्हायची होती.

बरोबर आलेल्या मॅनेजरनं बजावलं होतं, "प्राध्यापकांचा लेख ह्याच किनाऱ्यावर आहे. तोच अंक पुढे कर."

केला. दिवसभर केला.

लेखात आमची रापण होती. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून अख्खी वाडी जाळं आणते, ती. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, एवढी माणसं राबतात आणि मासळी इतकीच, म्हणजे पद्धत निकामी आणि माणसं आळशी. ह्यांच्यावर सरकारनं मदत वाया घालवू नये.

साफ चूक. प्राध्यापक मोजणीला आले त्या दिवशी मी सुट्टीत घरी होतो. दोरावर होतो. आमच्यात जाळं वाळूवर आलं की आधी वाटे पडतात. दोराला ज्यानं हात लावला त्याचा वाटा. काठी टेकत आलेल्या म्हातारीचासुद्धा. उरेल ते लिलावाला. प्राध्यापक ऊन चढल्यावर आले, लिलावापाशी काटा लावला, वजन लिहून घेतलं नि गेले.

मला हे माहीत होतं. आणि मी तो अंक विकत होतो.

दुपारी बाबा आले. धुतलेला सदरा घालून, मुलगा टायमध्ये कसा दिसतो ते बघायला. पायरीखालीच उभे राहिले. अंकातला रापणीचा फोटो त्यांनी लांबूनच ओळखला.

"आमची रापण मा ही? काय लिवलेला आसा रे?"

"चांगला लिवलेला आसा."

मी अंक खाली नेऊन दिला. बाबांनी फोटोवरून बोट फिरवलं. जाताना फाटकावरच्या शिपायाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत गेले, "आमच्या रापणीचा पुस्तक इला. माझो झील इकता."

मी टेबलामागे तसाच. जाणार कुठे? टेबल सोडलं तर नोकरी गेली. धरलं तर बापाला फसवत राहायचं.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक परगावचे पाहुणे घेऊन टेबलाशी आले. "हा नमुना इथलाच बरं का. सांग रे, तुमची माणसं दुपारनंतर करतात काय?"

"सर, तुम्ही काटा कधी लावला होता? वाट्यांच्या आधी की नंतर?"

"कसले वाटे?"

एवढा लेख. आणि कसले वाटे! निम्मी मासळी ते यायच्या आधीच घरोघर गेली होती. मी पाहुण्यांना सांगितलं. सगळं, मोठ्यानं.

प्राध्यापकांचं तोंड लाल. "तुला जर्नलं विकायला ठेवलंय. वाचायला नाही."

मॅनेजर धावत आला. "माफी माग."

"नाही."

"माग. नाहीतर परतीच्या बोटीत तुझी जागा नाही."

"जावा एकटे."

त्या अंकांचा गठ्ठा मी टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवला आणि पायऱ्या उतरलो.

घरी बाबा जाळं सांधत होते. त्यांना खरं सांगितलं. आपल्याला आळशी म्हटलंय, आपली मासळी निम्मी मोजलीय. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि तू ता इकी होतस?"

मी टाय सोडला आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

तो अंक कुठल्या कुठल्या ग्रंथालयांत जाऊन बसलाय. काही प्रती माझ्याच हातानं गेल्या. संपादकांना मी चूक कळवली. छापली नाही. पुन्हा कळवली. आता रापण वाळूला लागली की वाटे पडायच्या आधी मी काटा घेऊन उभा असतो. वजन, तारीख, खाली रापणकराचा अंगठा. हे कागद मी पाठवत राहीन, ते छापेपर्यंत. खाली माझं नाव, नावापुढे बी.एस्सी., आणि त्यापुढे आमची वाडी. त्यातलं एकही अक्षर कुणासाठी खोडणार नाही.