वीस बाटल्यांचा चीक

माझ्या आईने आयुष्यात दारूच्या थेंबाला बोट लावलेलं नाही. तरीही एका शनिवारी सकाळी, आंघोळ-पूजा आटोपून, तिने वीस बाटल्या जर्मन बिअर एकटीने संपवली.

यात तिचा काडीचाही दोष नाही. दोष माझा, थोडासा मोरिता-सानचा आणि उरलेला गव्हाचा.

मोरिता-सान म्हणजे आमच्या तोक्योच्या ऑफिसातले मॅनेजर. तरुणपणी पाच वर्षं जर्मनीत राहून आलेले. ऑफिसची पार्टी असली की दुसऱ्या ग्लासानंतर त्यांचे डोळे पाणावत आणि ते गव्हाच्या बिअरबद्दल बोलू लागत. गढूळ, केळ्याचा आणि लवंगेचा वास येणारी, तळाशी गाळ बसणारी ती बिअर. "तो गाळ म्हणजे तिचा आत्मा," ते सांगत. "शेवटचा घोट हलवून तो ग्लासात घ्यायचा. नाहीतर प्यायलातच कशाला?" मग समोरच्या स्वच्छ, पिवळ्या, पारदर्शक बिअरकडे ते असे बघत, जसं श्रीखंडाची वाट पाहणाऱ्याने पानात पडलेल्या दह्याकडे बघावं.

तर या मोरिता-सानची कोबेला बदली झाली. जाण्याआधी करारावरच्या आम्हा इंजिनिअरांपैकी कोण पुढेही राहणार आणि कोण सामान बांधणार, याची यादी ते करणार होते. त्या यादीत माझं स्थान डळमळीत होतं. (मी चाचणीचा सर्व्हर पाडला होता. एकदाच. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी फक्त शेजारी उभा होतो.) म्हणून भर मीटिंगमध्ये मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की मोरिता-सानना एकट्यांना माझ्या घरी निरोपाची पार्टी, आणि खरीखुरी जर्मन गव्हाची बिअर हवी तेवढी! मोरिता-सान माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी सर्व्हर पाडलाच नव्हता.

बायकोने, म्हणजे मुग्धाने, हे ऐकून एवढंच विचारलं, "तुला या हिगाशी-कसाईत धड मेथीची जुडी आणता येत नाही. जर्मनीतली बिअर कुठून आणणार?"

प्रश्न रास्त होता. मोठ्या दुकानाच्या तळघरात ती बिअर मिळते, पण तिथे बाटल्या सोन्याच्या बांगड्यांसारख्या दिव्याखाली मांडलेल्या असतात. किंमत बघायला मी चष्मा लावला आणि कळल्यावर काढून ठेवला. हवी तेवढी पाजायची तर पुण्यातला फ्लॅट विकावा लागला असता. मग सहा रविवार मुग्धाच्या सायकलवर बसून मी परवडणारी बिअर शोधत फिरलो. दर चौकातल्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, विचारलं. तिथली माणसं "नाही" हे इतकं वाकून सांगतात, की आपण काहीतरी विकत घेतलं या समाधानात बाहेर पडतो. अखेर पूल ओलांडून इचिकावात गेलो, तर एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मुदत संपायला आलेला एक क्रेट निम्म्या भावात सापडला. वीस बाटल्या, शेवटच्या. सायकलला मागे सईची, म्हणजे आमच्या दुसरीतल्या लेकीची, खुर्ची होती. क्रेट तिच्यात बसवला, पट्टा आवळला आणि वर तिचं हेल्मेटही चढवलं. पुलावर एक पोलीस आम्हाला बघून आधी हसला, मग त्याने नीट बघितलं. तोवर मी उतारावर होतो.

आता खरी अडचण. त्या दिवसांत सांगलीहून आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती, आणि 'आमचा श्री पार्टीतसुद्धा लिंबू सरबत घेतो' हे ती सगळ्या आळीला वीस वर्षं सांगत आली आहे. म्हणून क्रेट गाद्यांच्या कपाटात गेला, आणि पार्टीच्या दिवशी मुग्धाने आईला शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला न्यायचं असं ठरलं. निर्दोष योजना होती. फक्त त्यात आई दर दोन दिवसांनी गाद्यांना ऊन दाखवते हे मी धरलं नव्हतं.

गुरुवारी घरी आलो तर आई हातात बाटली धरून उभी. लेबलवर गव्हाच्या दोन टपोऱ्या लोंब्या.

"हे काय रे, श्री?"

"गव्हाचं सत्त्व," मी म्हणालो. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून आयुर्वेद निघतो.

सईला जपानी वाचता येतं. तिने बाटलीमागच्या जपानी चिठ्ठीवर बोट ठेवून "बाबा, उसो," अशी सुरुवात केली. उसो म्हणजे खोटं. मी तिला ताबडतोब आइस्क्रीम खायला खाली नेलं.

परत आलो तर आई बाटली खिडकीच्या उजेडात धरून तळाचा पांढरा गाळ निरखत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. "अरे, हा तर चीक!" ती म्हणाली. कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, गाळा, वरचं पाणी ओता, तेव्हा कुठे तळाशी चीक मिळतो. आणि ही जपानी माणसं तो चक्क बाटलीत भरून विकतात! मी म्हटलं, हो, चीकच. मुग्धा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. बायका अशा वेळी काही बोलत नाहीत, फक्त तारीख लक्षात ठेवतात.

शनिवारी सकाळी मुग्धा सईला पोहायला घेऊन गेली. मी केस कापून, चीज आणि खारे दाणे घेऊन बाराला घरी आलो. दार उघडलं आणि केळ्याचा-लवंगेचा असा घमघमाट आला की मला क्षणभर जर्मनीचा व्हिसा मिळाल्यासारखं वाटलं. ओट्यावर वीस बाटल्या रांगेत उभ्या. रिकाम्या. धुतलेल्या. लेबलं काढून वेगळी, झाकणं वेगळ्या पिशवीत. (इथले कचऱ्याचे नियम पाळूनही मला अजून महिन्यातून दोनदा ताकिदीची चिठ्ठी येते, आईला तीन आठवड्यांत पाठ!)

"वरचं पाणी फार आंबलं होतं रे," आई कपाळ पुसत म्हणाली. "पहिली बाटली तर छतापर्यंत उडाली. सगळं बेसिनमध्ये ओतलं. दोन तास लागले."

मी बेसिनकडे बघितलं. बेसिन तृप्त दिसत होतं.

"आणि चीक?"

"वाटीभर! वीस बाटल्यांत वाटीभर. फसवलं तुला मेल्याने." एवढ्याशा चिकाच्या कुरडया काय होणार, म्हणून तिने तो गव्हाच्या पिठात घालून, गूळ मिसळून धिरड्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं. पातेल्यावरचं झाकण आपोआप वर चाललं होतं.

मी गॅलरीत जाऊन मुग्धाला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. खरं सांगून टाक, म्हणाली. मी विचारलं, कोणाला, आईला की मोरिता-सानना? त्यावर ती म्हणाली, जो कमी मारेल त्याला.

इचिकावाचा दुकानदार फोनवर वाकला (ते ऐकू येतं) आणि संपली म्हणाला. कोनबिनीतून साधी बिअर आणावी, तर आईने हळदीकुंकवाला जायला साफ नकार दिला. घरी पाहुणा येणार आणि आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन वाण घ्यायचं, ही कुठली रीत? दुपारी मुग्धा आणि सई परतल्या, आणि चार वाजता मोरिता-सान आले. ठरल्या मिनिटाला, सूट घालून. आणि हातात त्यांचा स्वतःचा, जर्मनीहून जपून आणलेला उंच ग्लास. मखमली पिशवीत.

मी त्या ग्लासात लिंबू सरबत ओतलं.

मोरिता-सानांनी सरबताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला यादीतून माझं नाव खोडल्याचा आवाज ऐकू आला. तेवढ्यात आईने तव्यावरचं गरम धिरडं, वर तुपाचा गोळा, त्यांच्यापुढे ठेवलं. एक घास खाऊन ते थांबले. डोळे मिटले. दुसरा घास नाकाजवळ धरून बराच वेळ हुंगला, आणि यात काय आहे असं विचारलं.

आईला जपानी येत नाही, मोरिता-सानना मराठी येत नाही, आणि मला दोन्ही येत असूनही सांगायचं नव्हतं. दोन्ही धड बोलणारी आणखी एकच व्यक्ती घरात होती.

"सई, सांग त्यांना," आई म्हणाली, "बाटल्यांतलं वरचं घाण पाणी फेकून दिलं, आणि खालचं सत्त्व तेवढं घेतलं."

सईने सगळं सांगितलं. शाळेत शिकवतात तसं, उभं राहून, काहीही न गाळता. बाटल्या वीस, जर्मनीच्या, पाणी बेसिनमध्ये. बाबा आजीला काय म्हणाले तेही. आइस्क्रीम कुठलं मिळालं तेसुद्धा. (लाच खाऊन खरं बोलणारी ही पहिलीच पिढी.)

मोरिता-सानांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. हळूच विचारलं, "वीस?"

"वीस," मी म्हणालो.

ते उठले, आईसमोर गेले आणि कमरेत इतके वाकले, की त्यांची टाय धिरड्याच्या पिठात बुडते की काय असं मला वाटलं. मग सईकरवी त्यांनी सांगितलं, की आयुष्यभर मी लोकांना म्हणत आलो, आत्मा तळाशी असतो. बाकीचं ओतून देण्याची हिंमत असलेलं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.

"काय म्हणतात रे?" आईने विचारलं.

"आणखी एक वाढ म्हणतात."

त्यांनी नऊ खाल्ली. जाताना दारात बूट घालता घालता मला म्हणाले, यादीत तुझं नाव राहील. एका अटीवर. दर महिन्याला अशी धिरडी बर्फाच्या पार्सलने कोबेला आली पाहिजेत, याच चिकाची.

आई सांगलीला परतली, पण कामावर मुकादम नेमून. दर महिन्यात एका रविवारी मी पूल ओलांडून जातो. तो म्हातारा आता माझ्यासाठी मुदत संपायला आलेल्या बाटल्या बाजूला काढून ठेवतो. घरी आलो की सई फोन धरते, आई पलीकडून पाहते, आणि मी एकेक बाटली तिच्या देखत निथळवतो. मागे एकदा मी हळूच कप पुढे सरकवला होता.

"वरचं पाणी वाया घालवू नकोस," आई लगेच म्हणाली. "पण तू नको पिऊस हो, तुझ्या प्रकृतीला नाही सोसायचं ते. लिंबू सरबत बरं तुला. ते पाणी झाडाला घाल." आणि ती अशी हसली, की तिला नेमकं किती कळलंय हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

तेव्हा सबंध तोक्योत अस्सल जर्मन गव्हाची बिअर, परवडणाऱ्या भावात आणि हवी तेवढी कोण पितं, असं मला कोणी विचारलं, तर मी त्याला आमच्या गॅलरीतला कढीपत्ता दाखवतो. छताला टेकलाय. आणि त्याच्या शेजारी, हातात लिंबू सरबत घेऊन उभा असतो तो मी.