कोलशेतच्या ओट्यावरचा न काढलेला फोटो

या सदरातले अर्धे अनुभव वाचून मी हसलेली आहे. पांढरी साडी, अचानक आलेला गारवा, रडणारी कुत्री... कंटाळा येतो. मी डोंबिवलीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. काचेखाली जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायची सवय आहे. तरी आज लिहितेय, कारण आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर मला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं गेलं आणि ते मी गिळणार नाही.

मला स्ट्रीट फोटोग्राफीचं वेड आहे. सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि निघायचं — खोपटचा एसटी डेपो, मोहन्याचा बाजार, ठाण्यातल्या जुन्या गल्ल्या. कुणी बशीत चहा फुंकतंय, कुणी बोचक्यावर बसून पेंगतंय. ही माणसं बघताना माझं मन कधी भरत नाही. नियम एकच. समोरचा ‘नको’ म्हणाला की कॅमेरा खाली. आमच्या ग्रुपमधले काही महाभाग कॅमेरा पोटाशी धरून गुपचूप फोटो काढतात आणि वर त्याला ‘कॅन्डिड’ म्हणतात. मला ती चोरी वाटते, आणि मी तसं तोंडावर सांगते. त्यामुळे माझ्यावर खार खाऊन असलेले लोक आधीपासून होतेच.

तर गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. ठाण्यात कोलशेतला टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला, जुनं गाव अजून आहे. तिथे फिरत होते. एका बैठ्या घराच्या ओट्यावर कोवळं ऊन पडलेलं, मागे निळं दार, आणि ओट्यावर लुगडं नेसलेली एक म्हातारी सुपात सुकट निवडत बसलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तसा तिने डावा हात वर केला.

“नको गो बाय. माजा एकलीचा नको कारू.”

मी लगेच कॅमेरा खाली घेतला. “बरं आजी, नाही काढत.”

“माजी पोर आली का मंग कार. दोगींचा.”

“कधी येणारेत त्या?”

ती उठली. सूप उचलून आत गेली. दार लागल्याचा आवाजही मी ऐकला. ऊन छान होतं म्हणून रिकाम्या ओट्याचा आणि दाराचा एक फोटो काढला आणि निघाले.

घरी आल्यावर तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — ‘या घरातल्या आजी नको म्हणाल्या, म्हणून त्यांच्या फक्त ओट्याचा फोटो.’ पहिलीच कमेंट आली, “मॅडम, दाराला तर कुलूप आहे.”

मी फोटो मोठा करून पाहिला. कुलूप होतं. गंजलेलं. कुलपापासून कडीपर्यंत कोळ्याचं जाळंसुद्धा होतं. कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला, त्यातही तेच.

आणि मग सुरू झालं. ‘लाइक्ससाठी लोक काय काय रचतात.’ ‘ताई, एआय ना?’ अरे, मला बनवायचंच असतं तर आजी बनवली असती, कुलूप कशाला बनवेन? एवढी साधी अक्कल नको? दुसरीकडे भाविक मंडळी. कॅमेऱ्यावरून लिंबू उतरवून टाका म्हणे. यातल्या एकालाही कोलशेतला जाऊन दार बघून यावं असं वाटलं नाही.

तिसऱ्या प्रकारचा मेसेज मात्र एकच आला. फोटो फिरत फिरत मोहन्याच्या कुणा सुगंधाताईंपर्यंत पोचला होता, त्यांचा. ‘ते माझ्या आईचं घर आहे. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. आमच्या माणसावर गोष्टी रचायला लाज वाटत नाही का?’

मी तशीच भडकलेली, सरळ फोन लावला. म्हटलं, मी एक अक्षर रचलेलं नाही. त्याही तेवढ्याच तापलेल्या.

“हात वर केला बोलता ना? कुठला?”

“डावा.”

“मंग? हाताला काय होतं?”

“मधलं बोट सरळ होत नव्हतं. वाकडंच राहिलेलं.”

ताईंचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाल्या, “घरी या.”

गेले. भिंतीवर आईचा फोटो होता. सरकारी कार्डावरचा मोठा करून लावलेला, डोळे अर्धवट मिटलेले, कुणीतरी पकडून आणल्यासारखा चेहरा. वर चंदनाचा हार. आईचा असा हा एकच फोटो, ताई म्हणाल्या. वडिलांचा जत्रेत कुणीतरी फोटो काढला आणि थोड्याच दिवसांत ते खाडीत बुडाले. तेव्हापासून आईने कॅमेऱ्यासमोर उभं राहणं सोडलं. बोट तरुणपणी मिठागरात चेचलेलं.

“माझ्या हळदीला फोटोवाला आला, तशी ती मागच्या दाराने गेली. दोघींचा एक तरी काढू दे बोलले. रडले मी. नाय आली.”

मला वाटलं, निदान माझं वागणं तरी यांना पटेल. म्हटलं, “त्या नको म्हणाल्या, म्हणून मी त्यांचं ऐकलं.”

ताई फोटोकडून माझ्याकडे वळल्या. “आम्ही जलमभर ऐकला तिचा. तुम्ही कशाला ऐकलात?”

ज्या नियमाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, त्याचाच मला त्या दिवशी भयंकर संताप आला. माझ्या जागी त्या पोटाशी कॅमेरा धरणाऱ्यांपैकी कुणी असता तर... पुढचं तुम्हीच समजा.

मग मीच म्हटलं, “ताई, चला कोलशेतला. त्यांनी सांगितलंय दोघींचा काढायला.”

गेलो. तेच दार, तेच कुलूप, तेच जाळं. ताई ओट्यावर बसल्या. मधोमध नाही, एका बाजूला सरकून. मी तसं सांगितलं नव्हतं. मी फोटो काढला.

आता विचारू नका, दिसलं का काही. नाही दिसलं. मी झूम करून कोपरान् कोपरा पाहिला. ओटा आहे, दार आहे, ताई आहेत, शेजारी रिकामी जागा आहे. कुलपामागे कोण गेलं, दार लागल्याचा आवाज कसला होता, मला माहीत नाही. ज्यांना सगळं माहीत असतं त्यांनी ग्रुपवर लिहावं. मी ग्रुप सोडलाय.

परवा मोहन्याला गेलेले. ताईंनी कार्डावरचा फोटो उतरवून तिथे हा लावलाय. हार मात्र नव्हता. मी विचारलं.

“हार कसा घालू? त्यात मी पन हाय ना,” ताई म्हणाल्या.