उत्तरेकडची उशी

फुसाएबाईंना बसल्यावर उठायला भिंतीचा आधार लागायला लागला, तेव्हाच आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांना काय ते कळलं होतं. गरम झऱ्यांच्या आमच्या गावात सराईतल्या बाईचं निम्मं काम गुडघ्यांवरच असतं. दार सरकवायचं ते बसून, ताट ठेवायचं ते बसून, आणि पाहुणे आंघोळीला गेले की गाद्या घालायच्या त्याही रांगत. तरुणपणी नवरा वारला तशा बाई इथे आल्या आणि मागच्या खोलीत राहिल्या. काम सुटलं की खोली सुटणार आणि नागोयाला भाचीकडे जावं लागणार. तिथे जागा होती, पण बोलायला कुणी नव्हतं.

मालकीण चिझुरूबाई मनाने वाईट नव्हत्या. "दमलात हो आता," एवढंच त्या वरचेवर म्हणायच्या. ते ऐकलं की फुसाएबाई आणखी भरभर जिना चढायच्या.

त्या थंडीत जुन्या बाजूचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि पाहुणे नव्या बाजूला हलवले. जुन्या खोल्यांत पाय दाराकडे करून गादी घातली की डोकं आपोआप दक्षिणेला यायचं. नव्या खोल्यांची दारं नेमकी उलट्या बाजूला. फुसाएबाईंनी दमलेल्या हातांनी सवयीने गादी घातली आणि उशी उत्तरेला आली. तसं आमच्याकडे फक्त मढं ठेवतात.

खोली कुवाबारा आजोबांची होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली, म्हणून एकदा गरम पाण्यात बसून जावं या इच्छेने आजींना घेऊन आलेले. आंघोळ करून दोघं परतली, आणि आजी दारातच रडायला लागल्या.

चिझुरूबाई धावल्या, मी चहा घेऊन मागोमाग. मालकीण आणि फुसाएबाई चटईला कपाळ टेकवून माफी मागत होत्या. आजोबा मात्र खुशाल त्या गादीवर जाऊन बसले.

"उठा हो बाई," ते म्हणाले. "डॉक्टर, मुलगा, ही, कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. तुम्ही निदान गादी तरी घातलीत."

"जीभ आवरा जरा," आजी रडतारडता म्हणाल्या.

"आता किती दिवस आवरू?"

उशी मी फिरवली. फुसाएबाईंना उठताच येईना.

खाली आल्यावर चिझुरूबाई रागावल्या नाहीत. जिना नको, इथेच बसून भाज्या निवडा, खोली तुमचीच, असं म्हणाल्या. फुसाएबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"भाज्याही होईनाशा झाल्या की खोली परत कधी मागायची, हा घोर पुन्हा तुमच्याच जिवाला लागेल. आणि खरं सांगू? आजी रडल्या तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, सुटले एकदाची. पाहुण्याचं दुःख नंतर आलं. अशा बाईने पाहुण्यांच्या खोलीत जाऊ नये."

मग कुणी आग्रह केला नाही. आम्ही सगळ्याच दमलेल्या होतो.

भाचीकडे निघाल्या त्या सकाळी मी त्यांची बोचकी घेऊन सोबत गेले. वाटेत झऱ्याच्या उगमाशी याकुशी देवाची मूर्ती आहे, दुखणी बरी करणारा देव. बाईंनी ओंजळभर पाणी वाहिलं आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. गुडघ्यांसाठी मागितलंत ना, मी विचारलं.

"नाही ग. फार झोप आली आहे, एवढंच सांगितलं."