वडिलांच्या गाडीतला काटा

आमच्या वडिलांची जुनी गाडी माझ्या हट्टापायी जळता जळता वाचली, असे आमच्या घरात सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्यांत माझे थोरले बंधू आघाडीवर. ही हकिकत धादांत खोटी आहे.

मूळचा डायनॅमो दिव्यांचा भार पेलेना, म्हणून गेल्या वर्षी मी अल्टरनेटर बसवला. त्यातून जवळपास दुप्पट विद्युतप्रवाह येतो. जुन्या, कापडी वेष्टणाच्या बारीक वायरी त्याने तापून वितळतील, हे उघड होते. तेव्हा वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बॉनेटमध्ये डोके खुपसून, मी थेट बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढली आणि मध्ये फ्यूज घातला. प्रवाह आता डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या काट्याच्या यंत्रातून, जाईना. त्याचा काटा थिजला.

तिथेच बिनसले. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की घरातल्या वडीलधाऱ्याने इंजिन सुरू करायचे आणि काटा उजवीकडे सरकल्यावरच पेढे वाटायचे, ही वडिलांनी घातलेली रीत.

"काटा मेला की रे!" दादा म्हणाला. "बाबांच्या गाडीचा जीव काढलास."

"जीव बॅटरीत असतो, दादा. काटा नुसती बातमी देतो."

"मग मला बातमी हवी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी घरी नसताना, त्याने लहरीपुऱ्यातून एक वायरमन आणला, माझी जाड वायर काढवली आणि सारा प्रवाह जुन्या वायरींतून काट्याकडे वळवला. मला पत्ता नाही. पूजेला काटा टुणकन उडाला, पेढे वाटले गेले. मी त्या क्षणी बॉनेट उघडले नाही, एवढीच माझी चूक. ती मी मान्य करतो.

संध्याकाळी मांजलपूरहून परतताना दिवे लावले आणि डॅशबोर्डमागून धूर निघाला. गाडी थांबवून मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. तळहात भाजला. दादा शेजारीच बसला होता. वायरमन आणल्याचे त्याने तेव्हा कुठे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, किल्ली द्या. गाडी विकून टाकू."

"पंधरा दिवसांनी ये."

त्या पंधरा दिवसांत मी जळलेल्या वायरी उपसल्या, जाड वायर पुन्हा ओढली आणि ॲमीटरच्या जागी, सारा प्रवाह ज्यातून न्यावा लागत नाही असा व्होल्टमीटर बसवला. इंजिन सुरू होताच त्याचाही काटा उजवीकडे सरकतो. मग दादाला शेजारी बसवले. दिवे, वायपर, सगळे चालू केले आणि अर्धा तास इंजिन फिरते ठेवले.

"डॅशबोर्डमागे हात घाल."

त्याने घाबरत घातला. "गार आहे," म्हणाला. क्षणभराने, "पण हा काटा बाबांचा नव्हे."

"नाही. माझा आहे."

लग्नकार्यात तो अजून जुनीच हकिकत सांगतो. पंधरा दिवस कधीच उलटले. किल्ली मागायला पुतण्या आलेला नाही. येऊ दे.