सीटची उंची

चेनला घालायच्या तेलाचा वास आला की मला शहापूरच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. दादाने हौसेने बारीक टायरची नवी रोड बाइक घेतली होती, पण थोड्याच दिवसांत कबड्डी खेळताना त्याचा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. "आता तू चालव," म्हणत त्यानेच सीट माझ्या मापाने खाली घेतली. मी भातसानगरपर्यंत जाऊन आले. पाय पुरेपूर लांब होत होते, पाठ मोकळी होती, हँडलवर हात नुसते टेकले होते; चढसुद्धा जाणवला नाही. येताना तर मी मोठ्याने गात होते. अंगणात शिरले तेव्हा दादा पट्टा बांधलेला पाय पसरून पायरीवर बसला होता. "कशी वाटली गो?" त्याने विचारलं. त्याच्यासमोर खूश व्हायची मला लाज वाटली. "बरी हाय, पण सीट मला जरा उंच होते," मी म्हणाले. तो लगेच लंगडत उठला. "मग आधी नाय का सांगायचं?" म्हणत त्याने पाना लावून सीट बोटभर आणखी खाली केली. अजूनही मी तशीच चालवते आणि माझे गुडघे दुखतात. सीट वर घ्यावी, तर दादाला कळेल की त्या दिवशी ती अगदी बरोबर होती.