निळी की पांढरी

ड्रायव्हिंग शिकवताना सारखं ‘क्लच! क्लच!’ ओरडून बाईंचं नाव क्लचबाई पडलं ते पडलंच. सव्वीस वर्षांत निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं. गाड्या दोनच, दोन्ही पंचविशी उलटलेल्या. निळी आठशे सीसीची, आटोपशीर. पांढरी तेराशेची, ऐसपैस. शेजारी नवी इमारत उठू लागली, अंगण आक्रसलं आणि त्यात एकच गाडी मावू लागली. एकीला निरोप देणं भाग होतं.

बाईंचा जीव निळीवर. धाकटा भाऊ गॅरेजवाला. त्याला आकड्यांशिवाय घास उतरत नसे.

“ताई, निळी सदतीस हॉर्सपॉवर, पांढरी पासष्ट. विषय संपला.”

“तुझी पांढरी लिटरला अकरा देते, निळी अठरा. आता संपला.”

संपला कुठला! रविवारी सकाळी दोन्ही गाड्या एका बंद गोदामाच्या आवारात हजर. सोबत बाईंची विद्यार्थिनी, बासष्ट वर्षांच्या निवृत्त नर्सबाई.

भावाने स्टॉपवॉच काढून आधी स्वतः गाड्या पळवल्या. शून्य ते साठला पांढरीला सात सेकंद लागले, निळीला अकरा. भावाच्या मिशीत हसू मावेना. मग वळणं. पांढरीने निम्मं आवार खाल्लं. निळी भिंगरीसारखी फिरली. बाईंनी भावाकडे नुसतं बघितलं.

राहिला माल चढवायचा उतार. तिथे नर्सबाई बसल्या.

“अर्ध्यावर थांबा, मग वर न्या,” बाई शेजारून म्हणाल्या.

निळी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा मागे घसरली, तेव्हा बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. नर्सबाईंचा चेहरा पडला. पांढरीत मात्र त्यांनी क्लच जरासा सैल सोडला, रेस द्यायलाही विसरल्या, तरी गाडी झुलत झुलत वर.

“चढली हो!” नर्सबाईंनी टाळ्या पिटल्या.

“हँडल धरा आधी!”

खाली आल्यावर बाई निळीच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. नवशिक्याचा चढावर धीर सुटला की तो महिनाभर फिरकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? निळीवर त्या स्वतः शिकल्या होत्या, म्हणून एवढे लाड. बॉनेटवरची धूळ त्यांनी तळहाताने पुसली.

“पांढरी ठेवू,” त्या म्हणाल्या.

भावाने जिंकूनही स्टॉपवॉच गुपचूप खिशात टाकलं. बोलल्या नर्सबाई.

“मग निळी मला द्या. माझं घर, लेकीचं घर, भाजीबाजार, सगळं सपाट. चढायचंय कुठे मला?”

महिन्याभरात नर्सबाई टेस्ट पास झाल्या, अर्थात पांढरीवर. बाईंनी निळीची शेजारची पेडलं स्वतः पाना घेऊन काढली, कोणाला हात लावू दिला नाही. नर्सबाई एकट्या बसल्या, आरसा नीट केला, मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि निघाल्या.

“जातील ना गं नीट?” भावाने विचारलं.

“न जायला काय झालं? मी शिकवलंय,” बाई म्हणाल्या आणि गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत फाटकातच उभ्या राहिल्या.